सहावी ओळ

४ नोव्हेंबर, मंगळवार

"उतर. माणसांची नावं बसल्या जागेवरून वाचू नयेत."

बाबा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. नांदगावला आत्याकडे गेलो होतो, तिथून आत्याच्या यजमानांची मोटारसायकल घेऊन कुठेतरी निघालो होतो. डोक्यावर ऊन होतं. उंबरशेत फाट्यावर रस्त्याच्या कडेला कमरेएवढा काळा दगड उभा होता. बाबांनी गाडी स्टँडला लावली, चपला काढल्या आणि दगडावरची नावं मोठ्याने वाचली. सगळ्या बायका. दुष्काळात सरकारी कामावर, याच रस्त्यासाठी मुरूम खणताना कडा अंगावर येऊन गेलेल्या सात जणी. खाली तारीख, १२-४-१९७३. एका ओळीवर शेंदूर थापलेला होता. तिथे बाबा क्षणभर थांबले, "आणि ही एक" म्हणाले आणि पुढचं नाव वाचलं. ते नाशिक रोडच्या छापखान्यात तपासणीला होते. नोटा बघून बघून डोळे गेले, पण वाचायची हौस गेली नाही.

आज हे आठवलं कारण हर्षलने फलकांचे फोटो पाठवले. सिंहस्थाच्या निमित्ताने जिल्हाभर रस्त्यांकडेला इतिहासाचे फलक लागताहेत. त्यातल्या चाळीस फलकांचा मजकूर मी लिहिला. उंबरशेतचा मी सगळ्यात आधी लिहिला होता, सात बायकांसाठी. छापून आलंय ते असं: "सन १९७२च्या दुष्काळात परिसरातील नागरिकांनी उत्स्फूर्त श्रमदानातून हा रस्ता साकारला. थांबा, फोटो काढा, शेअर करा!"

श्रमदान! घरात दाणा नाही म्हणून दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी पोरांसाठी कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून न्यायची, याला उत्स्फूर्त म्हणतात?

रागारागाने लिहितेय. अक्षर बघा कसं आलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षलशी बोलले. त्याच्या एजन्सीकडे बांधकाम खात्याच्या सगळ्या फलकांचं काम आहे. तिशीचा, गोड बोलणारा मुलगा.

"ताई, तुमचा मजकूर भारीच होता. पण निगेटिव्ह झाला ना."

"सात बायका मेल्या, हर्षल. त्यात पॉझिटिव्ह काय लिहू?"

"तसं नाही. पण टुरिस्ट गाडीतून उतरणार, फॅमिली बरोबर, वडापाव हातात. त्याला एकदम डेडबॉडी कशाला? खात्याचे साहेबपण म्हणाले, जरा सकारात्मक करा."

"आणि नावं?"

"सात नावं म्हणजे सात ओळी, ताई. फाँट लहान होतो."

फाँट लहान होतो म्हणून माणसं काढली. मी फोन ठेवला आणि मग अर्धा तास स्वयंपाकघरात ओटा पुसत बसले. पुसलेलाच ओटा.

१० नोव्हेंबर, सोमवार

माझ्याकडे दगडाचा एकही फोटो नाही, आणि रस्ता रुंद करताना तो उचलणार आहेत असं कळलं. सविताला फोन केला. ती आत्याची मुलगी, नांदगावात शाळेत शिकवते. दुपारी स्कूटीवर जाऊन तिने फोटो पाठवले. सहा नावं स्वच्छ वाचता येतात. सहाव्या ओळीवर मात्र अजून शेंदूर, बोटभर जाड. बाकीचा दगड कोरडा ठणठणीत, फक्त तेवढ्याच पट्टीवर थर. कुणी केलं असेल हे अडाणीपण? एका बाईचं नाव देव करून बुजवून टाकलं!

सविताला म्हटलं, खरवडून काढ आणि परत फोटो काढ.

"मला कसंतरी वाटतंय गं मनीषा. कुणीतरी ताजा लावलाय. हाताला तेल लागतंय."

"नाव आहे ते, देव नाही. काढ तू."

तिने नाण्याने खरवडलं. खालून अक्षरं आली: कुसाबाई. मला फोनवरच रडू आलं. इतक्या वर्षांनी ती उजेडात आली, माझ्यामुळे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पेपरात माझा लेख आला. सातही नावं, दगडाचा फोटो, शेजारी त्यांचा 'श्रमदान' फलक. फेसबुकवर लोक नुसते तुटून पडलेत. खात्यात चार वेळा फोन केला, चौथ्यांदा साहेब स्वतः बोलले. मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण "आपल्या घरातली बाई असती तर" हे नक्की बोलले.

स्नेहा कॉलेजातून येऊन दारातच ऐकत उभी होती. म्हणाली, "आई, तू फोनवर कसली भारी भांडतेस! प्रत्यक्षात तर रिक्षावाल्यालाही घाबरतेस."

हसले. लागलं जरा.

५ डिसेंबर, शुक्रवार

दगड उचलला. सविताने बघितलं. खात्याच्या आवारात भिंतीशी पालथा टाकलाय, वर रंगाचे डबे. विचारलं तर म्हणाले, सुरक्षित ठेवलाय.

२३ डिसेंबर, मंगळवार

जिंकलो! नवा फलक लागला. हर्षलचा निरोप आला: "ताई, तुमचं झालं एकदाचं. साहेब म्हणाले, बाईंना फोटो पाठव म्हणजे झोपतील." टोमणा कळला, पण आज तोही गोड लागला. निळ्या पाटीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत सात नावं, वर "मजुरीच्या कामावर मृत्युमुखी पडलेल्या भगिनींना अभिवादन". गावातल्या कुणी तरी हारसुद्धा घातलाय.

मी शिरा केला. बाबांच्या फोटोपुढे वाटी ठेवली.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी साडेनऊला अनोळखी नंबर.

"मनीषा मॅडम का? उंबरशेतहून रंगनाथ बोलतोय."

मला वाटलं, आभार मानायला केला असेल. म्हटलं, "बोला ना."

"ती पाटी तुम्ही लावली म्हणं."

"लावली म्हणजे, प्रयत्न केले थोडे."

"मग तेवढं सांगा, माझ्या आईला का मारलं तुम्ही? आई जिवंत हाय माझी. कुसाबाई. आत्ता भाकरी खाती माझ्यासमोर. त्या पाटीवर हार घालून पोरांनी फोटो टाकलाय गावाच्या ग्रुपवर, भावपूर्ण श्रद्धांजली लिवून. सोयरे फोन करायलेत."

मी म्हटलं, दगडावर तसंच होतं. कोरलेलं.

"दगडावर शेंदूर व्हता," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दिवसभर काहीही केलं नाही.

३ जानेवारी, शनिवार

सकाळच्या गाडीने नांदगाव, तिथून सविताच्या स्कूटीवर उंबरशेत. पंचेचाळीस पार केल्यावर त्या गावात मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं. एवढा लेख लिहिला, एवढी भांडले, आणि गाव आज पाहिलं. हे इथे लिहून ठेवते, नंतर स्वतःला समजावत बसायला नको.

कुसाबाई ओसरीत मटकी निवडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, बारीक चणीची, पण डोळे असे की त्यांनी बघितलं की आपण पदर सारखा करतो.

"तूच का ती? माझा शेंदूर तूच काढलास व्हय?"

मी हो म्हटलं. सविता माझ्यामागे सरकली.

"पन्नास वर्सं लावला. दर अमावास्येला. एका झटक्यात काढलास, शिकलेली बाई. बस. चहा घेती का? मेलेल्या बाईच्या हातचा चालंल ना?"

आणि त्या हसल्या. मला हसताही येईना.

मग सांगितलं त्यांनी. कामावर मोठ्या बायकांचीच नावं हजेरीच्या मस्टरवर लागत. चौदा वर्षांच्या पोरीचं लागत नसे. म्हणून घरोघर एकीच्या नावावर दुसरी जायची. "मुकादम नाव पुकारायचा. जी 'हाय' म्हणंल ती कुसा. त्याला तरी काय, पाट्या भरल्या म्हंजी झालं." त्या दिवशी कुसाबाईंच्या नावावर त्यांची धाकटी नणंद गेली. सरू. कडा बसला. मुकादमाने मस्टर बघून नावं लिहून दिली. तालुक्याचा साहेब आला तेव्हा सासऱ्यांनी सांगितलं, गप राहायचं. खोटी हजेरी कळली तर सगळ्या गावाचं काम बंद होईल. सरू गेली, बाकीची तरी जगली पाहिजेत.

"मग मी मेले," कुसाबाई म्हणाल्या. "आन् आठ दिवसांनी सासूच्या नावावर कामाला गेले."

"तुम्ही का नव्हता गेल्या त्या दिवशी, आजी?"

"ताप व्हता."

रंगनाथ दारात उभा होता, पन्नाशीचा, रागावलेला. म्हणाला, आता आईचं नाव तेवढं काढा त्या पाटीवरून. कुसाबाई म्हणाल्या, "राहू दे माझं. मी काय, आज ना उद्या हायेच त्या यादीत. तिचं लिव्ह. तिचं नाव कुठंच नाय बाई. शाळंत नाय, रेशनकार्डावर नाय, लग्नाच्या पत्रिकेत नाय. मी मेल्यावर तिला सरू म्हणणारं कुणी उरत नाय."

गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर काय काय गेलं, काही पाहिलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आज खात्यात. फोनवर नाही, स्वतः गेले. फाटकापाशी दोनदा मागे फिरले, पण गेले.

साहेब सभ्य आहेत, हीच अडचण. खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, तुम्हीच सांगितलं म्हणून आम्ही सात नावं टाकली. जुनी फाईल काढली, नावं जुळवली. आता तुम्हीच म्हणता एक चूक आहे."

"हो. कुसाबाई जिवंत आहेत."

"रेकॉर्डप्रमाणे मयत आहेत. तुम्ही भेटलात त्या दुसऱ्या कुणी कुसाबाई असतील."

"त्याच आहेत. मला चहा पाजला त्यांनी."

"चहा पाजणं हा पुरावा होत नाही ना, मॅडम." ते मनापासून हसले. "आणि या सरूचा काही कागद? जन्माचा, शाळेचा?"

"नाही. कुठेच नाही. तेच तर सांगतेय."

"मग जी मुलगी कागदावर जन्मलीच नाही, ती आम्ही मेलेली कशी दाखवू?"

मला ओरडावंसं वाटलं. ती तुमच्याच मस्टरखाली मेली! तुमच्याच मुकादमाने दुसरीचं नाव लिहिलं, तुम्हीच ते पन्नास वर्षं जपलंत, आणि आता पुरावा तिच्याकडे मागता? यातलं निम्मंच बोलले. बाकीचं इथे.

शेवटी म्हणाले, कुसाबाईंचं प्रतिज्ञापत्र आणा. नोटरीसमोर. माझ्या हजेरीवर अमुक गेली, आणि मी स्वतः गैरहजर होते, अमुक कारणामुळे. कारण सबळ पाहिजे, नाहीतर वरून परत येतं.

"आजारपण लिहा," त्यांनी सुचवलं. "चालतं."

१८ जानेवारी, रविवार

मसुदा घेऊन परत उंबरशेत. वाचून दाखवायचा होता, पण आजी आज बोलण्याच्या लहरीत होत्या. सरू कशी होती ते सांगत होत्या. चालताना उड्या मारायची. कुसाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा दोघींत पाचसहा वर्षांचंच अंतर, दोघी एका गोधडीत झोपत. "वहिनी म्हणायची नाय मला. कुसे म्हणायची. सासू मारायची तिला त्याच्यावरून."

कारणाचं परत विचारलं, कागदात नीट यायला हवं म्हणून. आज म्हणाल्या, बाळंतीण होते. मागच्या वेळी ताप म्हणाल्या होत्या. रंगनाथने लगेच टोकलं, "आई, मी थोरला ना? मी तर चौऱ्याहत्तरचा." त्यांनी पदराने तोंड पुसलं. वय झालंय, मागचंपुढचं होणारच. मी 'आजारी' तसंच ठेवलं, त्यात सगळं बसतं.

निघताना अंगणात माझा हात धरला आणि माझ्या बांगड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "कासारानं माझा हात असाच धरलेला व्हता गं. निम्म्या भरल्या व्हत्या, हिरव्या. तेवढ्यात बाजारात ओरडा झाला, उंबरशेतचा कडा बसला म्हणून. निम्म्या हातानं पळत आले नांदगावहून." आणि मग, "सरूला म्हटलं व्हतं, तुलाबी आणते. एकच दिवस जा."

मध्येच बांगड्यांचं का काढलं, काही कळलं नाही. सविताने तेवढ्यात स्कूटी सुरू केली. पुढच्या वेळी विचारायला हवं.

२७ जानेवारी, मंगळवार

सगळं फिसकटलं.

नांदगावला नोटरीच्या टेबलाशी आम्ही चौघं: आजी, रंगनाथ, सविता, मी. आजी धुतलेलं लुगडं नेसून आलेल्या, कपाळाला मोठं कुंकू. वकील बरा माणूस होता, प्रत्येक वाक्य वाचून, समजावून सांगत होता. आजींचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून झाला होता. तो कागदावर येणार, इतक्यात वकिलाने शेवटचं वाक्य वाचलं, "मी त्या दिवशी तीव्र आजारी असल्यामुळे अंथरुणास खिळून होते."

"काय वाचलं? परत वाच."

त्याने परत वाचलं.

आजींनी अंगठा पदराला पुसला. धुतलेल्या पदराला. निळा डाग पडला.

"हे नाय."

"आजी, नुसतं कारण आहे हो ते," मी म्हटलं. "त्याशिवाय साहेब घेत नाहीत."

"सरूच्या नावावर असलं नाय लिवायचं."

"मग काय लिहू? तुम्ही सांगा, तसं लिहिते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रंगनाथकडे, वकिलाकडे, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसांकडे. आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

रंगनाथ म्हणाला, "म्हटलं नव्हतं तुम्हाला? या वयात तिला कोर्टकचेरी करायला लावता. गाव काय म्हणंल, नणंदेला पाठवून सून घरी बसली? पाटीचं जाऊ द्या आता. पाटीनं काय व्हतंय!"

मी त्याला नाही नाही ते बोलले. येताना रिक्षात त्यानेच आईला भरवलं असणार, त्याशिवाय ऐनवेळी अशा फिरल्या नसत्या. स्वतःच्या अब्रूसाठी एका पोरीला कायमची पुसायला निघालाय! तो ऐकून घेत राहिला. उलट बोलला नाही, हे आता लिहिताना खटकतंय.

जाताना आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रागावलेलीच होते, नीट वाकलेही नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

हर्षलचा मेसेज: "ताई, उंबरशेत क्लोज करू ना? शेवटचे फोटो वर पाठवायचेत."

फोन पालथा ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी रंगनाथच्या नंबरवरून फोन. आजी होत्या. फोन धरायची सवय नाही, त्यामुळे लांबून बोलल्यासारख्या.

"कारण लिवल्याबिगर नाय का व्हत, बाई?"

"नाही आजी. सरकारी काम आहे."

"बरं." मग, "ती गेली एवढं तर खरं हाय ना. तेवढंच लिवायचं."

मागून रंगनाथचा आवाज आला, "दे आई, झालं असंल तर." दरडावून नाही. फार हळू बोलला.

फोन ठेवला आणि चीड आली, पण या वेळी कुणाची ते नीट सांगता येईना. साहेबांची तर आहेच. माझीही असावी. पाच दिवस मी त्या म्हाताऱ्या बाईवर रुसून बसले होते, एक वाक्य कागदावर घ्यायला तयार झाली नाही म्हणून. त्या का तयार झाल्या नाहीत, मला अजून समजलेलं नाही. पण त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत, एवढं कळतं.

उद्या सकाळी स्वतः जाऊन हा अर्ज देणार आहे. साहेब पाणी देतील, वाचतील आणि नियमात बसत नाही म्हणून परत करतील. तरी लिहिला आहे. इथे उतरवून ठेवते.

"महोदय,

उंबरशेत फाट्यावरील फलकावर सहाव्या ओळीत ज्या कुसाबाईंचे नाव आहे त्या हयात आहेत. त्यांच्या हजेरीवर त्यांची नणंद सरू गेली होती व ती त्या दिवशी मरण पावली. तिचा कोणताही कागद नाही व मिळणारही नाही. कुसाबाईंचे प्रतिज्ञापत्र मी जोडू शकत नाही. त्या गैरहजर का होत्या हे त्यांनी सांगितलेले नाही आणि यापुढे मी त्यांना ते विचारणार नाही.

आपल्या खात्याने त्यांना मृत लिहिले तेव्हा कारण मागितले नव्हते, पुरावा मागितला नव्हता, घरी जाऊन पाहिलेही नव्हते. माझ्या लेखात मीही तेच केले, व ती चूक मी या अर्जात मान्य करते. एवढ्या सहज जिवंत बाई मेलेली लिहिता येत असेल, तर मेलेली मुलगी मेलेली लिहायलाही तितकेच सोपे असावे.

कुसाबाईंचे नाव काढू नये, अशी त्यांचीच इच्छा आहे. त्याखाली 'सरू, वय चौदा' एवढेच लिहावे, आणि कारणाचा रकाना कोरा ठेवून हा अर्ज स्वीकारावा, ही विनंती."